मोजणीत असलेल्या खापरपणजोबांचा माग कसा काढावा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी सातबाराचा उतारा घेऊन माझ्याकडे येतं. "आमचे खापरपणजोबा इंग्रजांच्या मोजणीत होते म्हणतात. यात सापडतील का?" नाही सापडणार. एक तर हक्कनोंदणीचा कायदाच १९०३ सालचा, आणि हेन्री गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या माणसांनी इंदापूर तालुक्यात मोजणीची साखळी टाकायला सुरुवात केली ती १८३५ मध्ये. मधल्या सत्तर वर्षांबद्दल सातबारा काय सांगणार? दुसरं, मोजणीदार स्वतःचं शेत मोजत नव्हता, परक्याचं मोजत होता, तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच तालुक्यात. आपल्या गावचं दप्तर उपसायचा सल्ला जो देतो, त्याने मोजणीदार कधी शोधलेला नसतो.

मी गेली बरीच वर्षं हे करतो आहे, आधी आमच्या घरासाठी आणि मग नातेवाइकांच्या नातेवाइकांसाठी. वेळ कुठे जातो आणि कुठे वाया जातो, ते आता कळलं आहे.

आधी कोणती मोजणी ते ठरवा

घरात "ते सर्व्हेत होते" एवढंच सांगतात. पण सर्व्हे एक नव्हता. मुंबई इलाख्याची महसुली मोजणी, म्हणजे शेतं मोजून सारा ठरवणारी, ती एक. त्याच्याही आधी, १८२७-२८ च्या सुमारास, प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये एक मोजणी केली होती. ती फसली, म्हणून तर गोल्डस्मिडना नव्याने आरंभ करावा लागला. नकाशे करणारी हिंदुस्थानभरची त्रिकोणमितीय मोजणी वेगळी. ती लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू केली आणि तिचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मराठवाड्याची मोजणी निजामाच्या राज्यात झाली, तिचं दप्तर उर्दू-फारसीत, आणि त्यासाठी हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागाराकडे वळावं लागतं. कोल्हापूर, बडोदा ही संस्थानं आणखी निराळी.

ओळखायचं कसं? घरच्या गोष्टींत दुर्बीण आणि डोंगरमाथे येत असतील तर त्रिकोणमितीय. साखळी, बांध आणि सारा येत असेल तर महसुली. आणि एक हुकमी खूण म्हणजे, "आजोबा दिवाळीनंतर जायचे ते मृगाला परत यायचे" असं कोणी म्हणालं की समजा, मोजणीचाच माणूस. उघडीप असेल तेव्हा शेतात आणि पावसाळ्यात मुक्कामी बसून हिशेब, असं या खात्याचं वर्ष होतं. (आमच्या एका शाखेत चार पिढ्यांपूर्वीच्या पाचही मुलांचे जन्म वैशाख-ज्येष्ठाच्या आसपासचे आहेत. हिशेब तुम्हीच करा.)

पुढचं सगळं मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीबद्दल आहे, कारण मराठी घरांतले बहुतेक शोध तिथेच येऊन थांबतात.

घरातलं आणि तीर्थातलं आटपून घ्या

जन्मपत्रिका, पेन्शनीचा कागद, कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. दक्षिणेकडच्या घरांनी हेळव्याला, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्याला, विचारावं. वहीत पूर्वजाच्या नावापुढे लिहिलेलं "वस्ती" म्हणजे मुक्कामाचं गाव टिपून ठेवा. ते नावापेक्षा जास्त कामाला येणार आहे.

माणूस नव्हे, तळ शोधा

मोजणीचे कागद गावागणिक आणि शेतागणिक लावलेले आहेत, माणसागणिक नाहीत. त्यामुळे आधी तुमच्या माणसाचा तळ कोणत्या साली कोणत्या तालुक्यात होता, याचा तक्ता करावा लागतो. त्यासाठी मुंबई सरकारने तालुकावार छापलेले सेटलमेंटचे, म्हणजे सारा ठरवल्याचे, अहवाल वाचा. पुष्कळसे आता इंटरनेटवर चाळता येतात. त्यांत नावं फक्त साहेबांची असतात, म्हणून लोक निराश होऊन बंद करतात. नावांसाठी ते वाचायचेच नाहीत. मोजणी कधी सुरू झाली, कधी संपली आणि पथक पुढे कुठे गेलं, एवढंच त्यातून उचलायचं.

मग तो तक्ता घरच्या माहितीशेजारी ठेवा. थोरल्या आत्याचा जन्म सिन्नरला झाला, पण घराण्याचा सिन्नरशी काडीचा संबंध नाही, असलं काही निघालं तर समजा धागा लागला.

कचेरीत काय मागायचं

तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कचेरीत. "जुनं रेकॉर्ड दाखवा" म्हणालात तर "जीर्ण आहे" हे उत्तर ठरलेलं आहे. वस्तूचं नाव घेऊन मागा: अमुक गावचं टिपण बुक, गुणाकार बुक, प्रतबंदीचं म्हणजे मातीची प्रत ठरवणाऱ्या क्लासरचं पुस्तक, आकारबंद म्हणजे शेतवार क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता. जुना सर्व्हे नंबर सांगा, गट नंबर नव्हे. गट नंबर आले एकत्रीकरण योजनेतून, म्हणजे १९४७ च्या कायद्यानंतर. शासनाच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावरही काही तालुक्यांचे जुने कागद आहेत. हेलपाटा घालण्याआधी तिथे बघून घ्या.

टिपण म्हणजे एकेका शेताचा हाताने काढलेला आराखडा. तो मापात काढलेला नसतो, पण त्यावर मापं लिहिलेली असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आकड्यापुढच्या एका उभ्या रेघेला चार आणे समजा, म्हणजे ५॥ हे पाच साखळ्या आठ आणे. या मापांचे गुणाकार करून क्षेत्र काढलं ते गुणाकार बुकात.

क्लासर निराळा माणूस आणि त्याचं पुस्तकही निराळं. तो पहार घेऊन माती खणायचा, खोली हातांत मोजायचा आणि शेताचे भाग पाडून प्रत लावायचा. एकंदर नऊ प्रती. पावणेदोन हात खोल असलेली चांगली काळी सोळा आण्यांची, आणि तिथून खाली दोन आण्यांपर्यंत. चुनखड, वाळू, उतार, खारवटपणा असे दोष निघाले की प्रत आणखी उतरायची. घरी "आजोबांना मातीतलं कळायचं" अशी आठवण असेल तर टिपण बुकात वेळ घालवू नका, सरळ क्लासरचं पुस्तक मागा. मी एका ओळखीच्या घरासाठी आठ गावांची टिपणं पाहिली आणि त्यांचे आजोबा शेवटी निघाले प्रतबंदीत. घरातल्या म्हाताऱ्या काकूंनी पहिल्याच दिवशी मला पहारीबद्दल सांगितलं होतं, मीच लक्ष दिलं नव्हतं.

नाव जुळवणं, म्हणजे माझी दोन वर्षं

सगळी मेख इथे आहे. बाकीचं पायपीट केली की होतं.

पहिली अडचण लिपीची. कागद मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि लिहिणारा हात न उचलता पळत असतो. "मोडी वाचून देणारा गाठा" हा सल्ला मी अर्धाच मानतो. जाणकार जरूर गाठा. पण २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात चांगले वाचणारे इतके गुंतले आहेत की तुमच्या शंभर पानांसाठी त्यांना सवड नाही. शिवाय ते पान वाचून देतात, माणूस ओळखून देत नाहीत. तीन महिने बसलात तर नावं, आकडे आणि तारखा वाचण्याइतकी मोडी कोणालाही येते. तेवढीच लागते. मात्र शिकताना पेशवाईचे नमुने गिरवू नका. मी तेच केलं आणि कसा फसलो ते पुढे येतं. एकोणिसाव्या शतकातले महसुली कागद समोर ठेवून शिका.

दुसरी अडचण आडनावाची. ते बहुतेक ठिकाणी नसतंच. शेतकऱ्याचं नाव "बिन" किंवा "वलद" घालून बापाच्या नावासकट येतं. कारकून-मोजणीदारांची नावं नुसती दोन जोडलेली. समजा तुमचे पूर्वज विष्णू महादेव. आता पुणे जिल्ह्यातल्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या घरांत त्या काळी विष्णू महादेव किती असतील, याचा विचार करा. त्यात आपली नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. म्हणजे विष्णू महादेव, त्यांचा मुलगा महादेव विष्णू आणि नातू पुन्हा विष्णू महादेव. नातू त्याच खात्यात लागला तर? आणि लागत असत. सेटलमेंट तीस वर्षांची होती, ती संपली की फेरमोजणी. कचेरीत हाताला लागतं ते टिपण बुक पुष्कळदा फेरमोजणीचं असतं, मूळ मोजणीचं नसतं. आजोबांना शोधायला गेलेला माणूस नातवाची सही छातीशी धरून घरी येतो, आणि त्याला ते कधीच कळत नाही. म्हणून पुस्तक उघडलं की नाव शोधायच्या आधी साल शोधा.

आणि सालाशी तिसरी अडचण. मला एका कागदावर आमच्या पूर्वजांचं नाव मिळालं, बापाच्या नावासकट, हव्या त्याच भागातलं, आणि वर "सन १२४६". पुढे-मागे काही नाही. मी मोडी शिकलो पेशवाईच्या कागदांवर, तिथे सुहूर सन चालतो. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. १२४६ अधिक ५९९, म्हणजे १८४५-४६. आमच्या माणसाचं वय तेव्हा वीस-एकवीस. सगळं चपखल बसलं. दोन वर्षं मी त्या कागदाच्या आधाराने पुढचे तालुके लावत गेलो आणि दर वेळी काहीतरी अडायचं.

तो सन फसली होता, म्हणजे महसुली कामकाजाचा. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवायचे. म्हणजे १८३६-३७, आणि त्या साली आमचे पूर्वज जेमतेम अकरा-बारा वर्षांचे. कागदावरचा माणूस दुसऱ्याच कोणाचा तरी खापरपणजोबा होता. नऊ वर्षांचा फरक, आणि तोही अगदी फसवण्याइतकाच. दोनशे वर्षं चुकली असती तर लगेच लक्षात आलं असतं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. १८१८ नंतरच्या महसुली कागदात नुसता "सन बाराशे अमुक" दिसला तर तो फसली धरायचा; सुहूर म्हणायचं असेल तर पुरावा द्यावा लागेल. कागदात शक असेल तर त्यात ७८ मिळवा, आणि संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर ते सोडू नका, कारण लेखनिकाची आकड्यात चूक होते, संवत्सरात सहसा होत नाही. ताळा सोपा आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, आणि बाकी उरेल तितकावा संवत्सर. शके १७५८ घ्या. १७७० ला ६० ने भागलं की ३० उरतात, तिसावा संवत्सर दुर्मुख. पत्रिकेत दुर्मुखच असेल तर साल पक्कं. नसेल तर आकडा पुन्हा वाचा. मोडीतल्या वाचलेल्या सालापेक्षा पत्रिकेवर माझा जास्त विश्वास आहे.

चौथी अडचण, आणि हिच्याबद्दल कोणी बोलतच नाही: अक्षर. "सही जुळवा" असं सगळे सांगतात. पण कोणत्या पुस्तकातली? कच्चं टिपण शेतात बसून केलेलं असतं. पक्कं टिपण आणि प्रतिबुक म्हणजे कारकुनाने मागाहून सुवाच्य उतरवलेली नक्कल. पक्क्या टिपणात मोजणीदाराचं नाव असेल, अक्षर त्याचं नसेल. त्या वळणदार अक्षराशी घरातल्या पत्राचं अक्षर जुळवत बसाल तर कधी जुळणार नाही, आणि जुळलं तर ते त्याहून वाईट. हद्दीच्या तंट्यांतले जबाब पाहत असाल तर तिथेही हाच घोळ. "बिकलम" पुढचं नाव लिहिणाऱ्याचं. "दस्तुर खुद्द" असेल तर ज्याचा जबाब त्याचाच हात. आणि "निशाणी नांगर" असेल तिथे शेतकऱ्याने सहीऐवजी नांगराची खूण केलेली असते. ती सुंदर असते, फोटो काढावासा वाटतो, पण तुमच्या कामाची नाही.

मग जुळलं असं म्हणायचं केव्हा? मी तीन गोष्टी पाहतो. लागोपाठच्या दोन हंगामांत, पथकाच्या वाटेवरच्या दोन गावांत तेच नाव आणि कच्च्या टिपणात तोच हात. तीर्थाच्या वहीतली किंवा घरच्या कागदातली वस्ती त्या भागातली. आणि त्या साली वय नोकरीचं. तीनपैकी दोन असतील तर वंशावळीत पेन्सिलने लिहा. एकच असेल तर लिहूच नका, निराळ्या वहीत ठेवा. माझ्या त्या वहीत अजून सहा विष्णू महादेव पडून आहेत.

पगारपत्रकावर नसलेली माणसं

साखळी ओढणारे, झेंडी धरणारे, दगड रोवणारे आणि हद्द दाखवणारे. यांच्या वंशजांना लोक "तुमचं काही मिळायचं नाही" म्हणून वाटेला लावतात, ते मला पटत नाही. गावाची हद्द कुठून जाते हे सांगायचा मान आणि भार महाराचा होता. त्याच्याशिवाय मोजणीदाराला शिवेचा पहिला दगडही ठरवता येत नव्हता. मोजणीच्या पुस्तकात त्याचं नाव क्वचित येतं हे खरं. पण तो वतनदार होता, आणि वतनाचे कागद वेगळे आहेत. १८५२ नंतरच्या, इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या चौकशा पाहा, १८७४ च्या वतन कायद्याखालची रजिस्टरं पाहा, आणि १९५८ च्या कायद्याने वतनं खालसा झाली तेव्हाच्या नोंदी पाहा. इथे शेवटून सुरुवात करा. १९५८ च्या यादीतलं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ओळखू येतं. तिथून मागे १८७४ पर्यंत वारसांच्या नोंदी धरत जायचं. मग त्या गावची मोजणी कोणत्या साली झाली ते पाहिलं की त्या साली वतनावर कोण होतं हे बऱ्याच वेळा ठरवता येतं. हा मार्ग मोजणीदाराच्या मार्गापेक्षा सरळ आहे, कारण माणूस गावातून हललेला नसतो.

पुणे, मुंबई आणि तंटे

पुण्याचं पुरालेखागार बंड गार्डन रस्त्यावर, मुंबईचं काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. पुण्यात मोडी जास्त, मुंबईत महसूल खात्याचे इंग्रजी खंड, सालवार बांधलेले. तुमचा साल-तालुक्याचा तक्ता तयार नसेल तर दोन्हीकडे जाऊ नका, नुसते दिवस जातील. परदेशात असाल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई सरकारच्या महसुली कामकाजाचे खंड आहेत.

खंड उघडलात की शांततेची वर्षं ओलांडा. तक्रार, दंगा, आजारपण, बडतर्फी अशा जागा शोधा. सरकारला नेटिव्ह नोकराचं नाव आठवतं ते तेव्हाच. १८५२ मध्ये खानदेशात सावदा, फैजपूर, एरंडोल भागात मोजणीविरुद्ध लोक उठले. अशा वेळच्या पत्रव्यवहारात कोण कुठे होतं आणि कोणाला काय झालं, हे एरवीपेक्षा पुष्कळ तपशिलाने येतं. पूर्वज त्या सुमारास खानदेशात असतील तर आधी तिथेच हात घाला. इंग्रजी कागदात नाव कसंही लिहिलेलं असू शकतं. मोठ्याने वाचून बघा, डोळ्यांना नाही कळलं तरी कानाला कळतं.

आणि माग एकाएकी तुटला तर माणूस वारला असं लगेच धरू नका. मुंबईची पद्धत १८६० च्या दशकात वऱ्हाडात आणि म्हैसूर संस्थानात गेली, आणि तिच्याबरोबर ती पद्धत जाणणारी माणसंही गेली. आमच्या पूर्वजांचे कागद पुणे जिल्ह्यात असेच अचानक संपतात. मी पाच वर्षं त्यांच्या मृत्यूची तिथी शोधत होतो. मग त्र्यंबकेश्वरच्या वहीत धाकट्या मुलाच्या नावापुढे वस्ती मिळाली: अकोला.